सायले, रात्रीचं जेवण नको सोडूस

प्रिय सायली,

तुझा रात्री पावणेतीनचा मेसेज सकाळी चहा करताना बघितला. "काटा ७४ वरून हलत नाहीये, आजपासून रात्री फक्त सूप." अगं बाई, तुझं पिल्लू सात आठवड्यांचं आहे, आणि सूप कसलं पितेस! फोन केला तर नेमकं ते उठेल आणि बोलणं अर्धवट राहील म्हणून लिहूनच काढते, पाजता पाजता एका हाताने वाच.

तुला माझं कधी नीट सांगितलंच नाही कारण लाज वाटायची. चिनू झाल्यावर हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा ७८ होते, सव्वा महिना संपला तेव्हा ८०. म्हणजे बाळंत होऊन वजन वाढलं माझं! आणि येणारी प्रत्येक बाई सांगून जायची की अंगावर पाजतेस ना, आपोआप उतरेल. उतरणार कसं, सकाळी उठल्या उठल्या डिंकाचा लाडू, दहाला अळिवाची खीर, चारला मेथीचा लाडू, झोपताना दुधात शतावरी कल्प दोन चमचे (त्यात निम्म्याच्या वर साखर, डब्यामागे वाच कधीतरी) आणि भातावर तुपाचं तळं. दूध तयार करायला अंगातल्या दिवसाला ५०० च्या आसपास कॅलरी जातात, हैदराबादची आपली राष्ट्रीय पोषण संस्था पहिल्या ६ महिन्यांत रोज ६०० जास्त खा म्हणते, त्यात तूप, गूळ, खोबरं घातलेला मोठा लाडू एकटाच २०० च्या पुढे जातो. हिशोब तू कर, मी केला तेव्हा गप्प बसले होते.

पण खरी माती मी पुढे खाल्ली. मावसबहिणीचं लग्न अडीच महिन्यांवर आलं, ब्लाऊज शिवायचे होते, आणि मी सकाळी सात ते साडेआठ जिम लावली. त्या वेळचं पाजणं गेलं, सासूबाई बाटलीने पावडरचं दूध द्यायच्या. मग रात्री नीट झोप मिळावी म्हणून रात्रीची एक बाटली नवरा पाजायला लागला, म्हणजे आणखी एक पाजणं गेलं. जेवण पण अर्धं केलं होतं. साधारण दोन आठवड्यांत चिनू अंगावर धरला की दोन मिनिटं ओढायचा, तोंड सोडायचा, लालबुंद होऊन रडायचा. १४ आठवड्यांच्या लसीला नेला तर वजन जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलं नव्हतं. मला वाटलं कमी खाऊन खाऊन माझा पान्हा आटला, मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी काय खातेस हे विचारलंच नाही आधी, त्यांनी विचारलं चोवीस तासांत किती वेळा पाजतेस. मोजलं तर दहावरून पाच-सहावर आलेलं.

हे एवढं मला कोणी आधी सांगितलं असतं ना! छाती जितकी रिकामी होते तितकं दूध परत बनतं, आणि भरलेली राहिली की शरीर समजतं गरज नाही. रात्री तर दूध बनवायला सांगणारं प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन जास्त असतं आणि मी नेमकं तेच पाजणं सोडलं होतं. म्हणजे माझं दूध मुख्यतः पाजणं कमी केल्याने कमी झालं, उपाशी राहणं त्यात भर घालायला होतंच. मग जिमचे पैसे बुडवले, तो मागेल तेव्हा आणि दोन्ही बाजूंनी पाजायचं, रात्री शेजारीच, दुपारचे तास दोन तास नुसतं त्याला छातीशी घेऊन पडून राहायचं. बाटल्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केल्या. दहा-बारा दिवसांत गाडी रुळावर आली. लग्नात सैल कुर्ता घातला, काही बिघडलं नाही.

वजन त्यानंतर उतरलं, ८० चं ६८, पण त्याला नऊ महिने लागले. कधी आठवड्याला अर्धा किलो, कधी काहीच नाही. अर्ध्या किलोच्या पुढे मी मुद्दाम गेले नाही. नंतर मी वाचलं की अमेरिकेत २००० साली छापलेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या आयांनी बाळ ४ आठवड्यांचं झाल्यापासून १४ आठवड्यांपर्यंत रोज ५०० कॅलरी कमी खाऊन व्यायाम केला, त्यांचं आठवड्याला अर्धा किलो उतरलं आणि बाळांची वाढ बाकीच्यांसारखीच झाली. म्हणजे बेताने कमी केलं तर चालतं. पण दिवसाला १८०० कॅलरींच्या खाली जायचं नाही असं मला सांगितलं होतं आणि मी ते पाळलं. किटो तर मुळीच नको, पाजणाऱ्या बाईने भाकरी-भात पूर्ण तोडला तर रक्तात आम्ल वाढून दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलेली उदाहरणं आहेत. वजनाच्या गोळ्या, स्लिमिंग चहा यांचं नावच काढू नकोस.

खात काय होते? आपलंच. सकाळी मुगाची धिरडी आणि दही, दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, भाजी, ताक, रात्री आठच्या आत तसंच पण भात नाही आणि एक अंडं. लाडू दिवसाला एकच, तो पण आवडतो म्हणून. सासूबाई आठ दिवस रुसल्या, मग चिनूचं वजन वाढतंय दिसल्यावर गप्प. आणि रात्री तीनला जी राक्षसी भूक लागते ना, त्याला उशाशी फुटाण्यांचा डबा आणि पाण्याची बाटली ठेव, मी आधी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायचे अंधारात. तू अंडं पण खात नाहीस तर बी १२ तपासून घे, आईचं कमी असेल तर दुधात पण कमी उतरतं.

चालायला आधी पाजून जायचे, अर्धा तास, शतपावलीच्या जरा वर. तुझं सिझर आहे, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पोटाचे व्यायाम नको. पोट बांधल्याने चरबी जात नाही, कमरेला आधार वाटतो तेवढंच. केस गळतायत आणि थकवा पण फार असेल तर थायरॉईड बघून घे. आणि हो, तांबी-गोळ्यांचं विचारायला जाशील तेव्हा अंगावर पाजतेय हे सांग, काही गोळ्यांनी दूध कमी होतं.

अजून एक, नाहीतर परवा परत पावणेतीनला मेसेज येईल. महिना-दीड महिन्यात छाती मऊ लागायला लागेल, गळणं थांबेल, ते दूध गेल्याचं लक्षण नाही, शरीराला बाळाचा अंदाज आलेला असतो. पंपात ४० एमएल आलं म्हणून पण घाबरू नको, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. दिवसाला सहा तरी डायपर नीट ओले होतायत ना आणि कार्डावरचं वजन वर जातंय ना, एवढंच बघ.

रविवारी सांगलीला फोन करते, काकूंशी मीच बोलते लाडवांचं. उरलेले डोंबिवलीला पाठवायला सांग, चिनू आता दोन वर्षांचा आहे आणि दिसेल ते खातो.

तुझी,
मनू

ता.क. आज रात्री भाकरी खा आणि फोटो पाठव. ताटाचा.