ओवीच्या हाताला काम

पुणे

प्रिय वर्षा,

तुझं पत्र मिळालं. संध्याकाळी कुकर लावायचा, पोळ्या लाटायच्या, त्यातच ऑफिसचा एखादा फोन, आणि साडेतीन वर्षांची ओवी पायात घुटमळतेय. मोबाईल न देता तिला अर्धा तास कसं गुंतवायचं, असं विचारलंयस. सविस्तरच लिहिते.

मूल काम सोडून उठतं ते बहुतेक वेळा कंटाळून नाही, तर मधे एखादी पायरी अशी येते की ती त्याच्या हाताला जमत नाही. डबीचं झाकण घट्ट बसलेलं असतं, टेपचं टोक सापडत नाही, गोंद संपतो. काम अडतं आणि "आई, ए आई" सुरू होतं. म्हणून प्रत्येक कामाचं सामान एका ताटात मांडून द्यायचं, आणि ते ताट मांडताना ओवी यात कुठे अडेल, एवढंच बघ आणि ती पायरी तू आधीच करून ठेव. कागदाचा मोर, कापसाचा ससा असले ठरलेल्या नमुन्याचे प्रकार तर या वेळेला नकोतच. नमुना समोर असला की दर दोन मिनिटांनी "बरोबर आहे का?" विचारायला ती येणारच. ज्याच्यात चुकण्यासारखं काही नाही, ते काम मूल एकटं करतं. एकटं म्हणजे तू त्याच खोलीत किंवा ती डोळ्यांसमोर राहील इतक्या अंतरावर. पुढचं सगळं हे धरूनच लिहिते आहे.

सगळ्यात सोपं काम टिकल्यांचं. मखमली टिकल्यांची दोन पाकिटं आण, मध्यम आकाराची. मखमल जाड असते, तिच्या कडेत नख अडकतं आणि टिकली अख्खी निघते. प्लास्टिकच्या चकचकीत टिकल्या पातळ असतात, त्या सोलताना दुमडतात आणि स्वतःलाच चिकटून बसतात. खड्याच्या तर नकोतच, खडा निघून नाकात जाऊ शकतो. पाकिटातलं कार्ड बाहेर काढून एकदा मागच्या बाजूला वाकव, म्हणजे टिकल्यांच्या कडा जरा उचलल्या जातात. पाठकोऱ्या कागदावर स्केचपेनने एक लांब वेडीवाकडी रेघ ओढ आणि रेघेवर टिकल्या लावायला सांग. रेघ सोडून लावल्या तरी हरकत नाही. चिमटीत पकडून सोलणं हेच यातलं खरं काम, आणि मुलं त्यात रंगून जातात. वस्तू तोंडात घालायची सवय अजून असेल तर मात्र टिकल्या ठेवून दे आणि रुपयाच्या नाण्याहून मोठे स्टिकर दे.

टेपचंही असंच. सेलोटेप देऊ नकोस, ती हाताने तुटत नाही. रंगारी वापरतात ती कागदी टेप घे. बोटभर लांबीचे वीसेक तुकडे तोडून पाटाच्या कडेला अर्धे लोंबते लावून ठेव. एकेक काढायचा आणि पुठ्ठ्यावर हवा तसा लावायचा.

आता कात्री, याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण बहुतेक घरी पहिला अनुभवच वाईट येतो. मुलाच्या हातात वर्तमानपत्र दिलं जातं, तो पातळ कागद दोन पात्यांच्या मधे दुमडतो, कापला जातच नाही, आणि मूल कात्री टाकून देतं. त्याला हवा ताठ कागद. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतील, त्यांच्याइतका चांगला कागद या कामाला दुसरा नाही. त्यांच्या दीड ते दोन सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या तूच कापून ठेव. पट्टी इतकीच रुंद हवी की कात्री एकदा मिटली की तुकडा खाली पडला पाहिजे. रुंद झाली तर कात्री पुन्हा उघडून पुढे सरकवावी लागते, आणि ते साडेतीनव्या वर्षी बऱ्याच मुलांना येत नाही. कात्री गोल टोकाची, पण धारेची. पूर्ण प्लास्टिकच्या कात्र्या कागद चावतात, कापत नाहीत. अंगठा वरच्या कडीत आणि अंगठ्याचं नख छताकडे, एवढंच तिला दाखव. मनगट उलटं वळलं की पट्टी हातात फिरते. तुकडे ताटात पडू देत आणि ते ठेवूनही दे, पुढे चिकटकामाला होतात. कात्रीचं ताट फक्त तू समोर बसून भाजी निवडत असशील तेव्हाच काढायचं. पहिले काही दिवस पाठ फिरवायची नाही, नाहीतर केस आणि पडदे दोन्ही जातील.

वर्तमानपत्र फाडायला दे. पानाच्या वरच्या कडेपासून खाली फाडलं की सहसा सरळ लांब पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं होतं. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू एका दिशेने लागतात, त्यामुळे हे होतं. सुरुवातीला तूच वरच्या कडेला दोन-दोन बोटांवर छोट्या चिरा देऊन ठेव. ती पहिली चीर हीच अवघड पायरी असते.

चिकटवायला घरची खळ कर. दोन मोठे चमचे मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालव, वर एक वाटी पाणी घाल आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरव. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून थोडी सैल असतानाच गॅस बंद कर. फार पातळ राहिली तर कागदाला सुरकुत्या पडतात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून दे. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असतं, मुलाच्या खळीत ते अजिबात नको. ओवीला एका वेळी दोन चमचेच खळ दे. वाटीभर दिली की चिकटवणं बाजूला राहतं आणि माखणं सुरू होतं. गोंदाची कांडी देणार असशील तर ती अर्धा सेंटिमीटर वर काढ आणि बुडाशी फिरवायच्या जागेवर सेलोटेपचा एक घट्ट वेढा दे. मुलं कांडी पूर्ण वर फिरवतात आणि ती मोडते, ते टळेल.

खेळायच्या मातीसाठी एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस कढईत एकत्र कालवून मंद आचेवर ढवळ. गोळा कढईची कड सोडायला लागला की ताटात काढ आणि कोमट असताना चांगला मळ. चिकट लागला तर चमचाभर मैदा वाढव. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे सहज राहतो. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा ओला पडतो, तेव्हा पुन्हा मैदा लावून मळायचा. साधी कणीक दुसऱ्या दिवशी आंबते, ही टिकते ती मिठामुळेच. पण तेच मीठ पोटात जास्त गेलं तर धोक्याचं, म्हणून ओवी तोंडात घालत असेल तर बिनमिठाची कणीक दे आणि त्याच दिवशी टाकून दे. बोटाला खरचटलेलं असेल त्या दिवशीही मिठाचा गोळा नको, झोंबतो. सोबत छोटं लाटणं, करंजीचं कातणं, एक वाटी आणि काटाचमचा दे. सोऱ्या देऊ नकोस, त्याला जोर पुरत नाही आणि दर वेळी तुला हाक येईल.

बाजारातून आलेली भेंडी जून निघाली तर टाकू नकोस. देठाकडचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा आडवा काप आणि कापलेली बाजू खाली करून तासभर फडक्यावर ठेव, म्हणजे बुळबुळीतपणा कमी होतो आणि रंग धरतो. कोवळी भेंडी दाबली की चेपते, जून भेंडीचा पाच पाकळ्यांचा ठसा स्वच्छ उठतो. रंग वाटीत देऊ नकोस. बशीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेव, त्यावर दोन चमचे पोस्टर कलर पसर. वाटीत भेंडी बुडवली की रंग ठिबकतो आणि ठशाचा नुसता डाग होतो.

हळदीचा एक प्रकार मला फार आवडतो. अर्धा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून चित्रकलेच्या जाड कागदावर सकाळीच फासून वाळव. संध्याकाळी पाव वाटी पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ओवीला ब्रश दे. पिवळ्या कागदावर तांबूस रेघा उमटतात. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणाने. लिंबाचा रस फिरवला की रेघ पुन्हा पिवळी. सोड्याऐवजी चुना घ्यायचा मोह टाळ, डोळ्यात गेला तर इजा करतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा अवतीभवती मिळणाऱ्या वस्तूच शिकण्याची साधनं केल्या. तेव्हा दुकानातल्या महाग संचांच्या मागे लागू नकोस. फक्त बटणासारखे चपटे सेल, छोटी लोहचुंबकं आणि फुगे एकटीच्या हातात कधीही नकोत. राजमा, हरभरे, चवळीही नकोत. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि काढणं अवघड होतं.

ताटं चार-पाचच तयार ठेव आणि एका वेळी एकच काढ. मोठं स्टीलचं ताट पाटावर, खाली जुनी चादर. ताटाची कड असली की पसारा तिच्या आत राहतो.

या आठवड्यात टिकल्या आणि मातीपासून सुरुवात कर. कात्री आणण्याआधी ओवी खडू कोणत्या हातात धरते आणि चेंडू कोणत्या हाताने फेकते ते चार दिवस बघ. जेवणावरून ठरवू नकोस, उजव्या हाताने जेवायचं तर आपण मुलांना शिकवलेलंच असतं. डावखुरी असली तर डाव्या हाताची कात्री माग, तिची पाती उलटी बसवलेली असतात. साध्या कात्रीने डावखुऱ्या मुलाला कापायची रेघ दिसत नाही आणि कागद पात्यांत दुमडतो. तुमच्याकडे मिळाली नाही तर कळव, इथून पाठवते.

तुझी,
मीना