ई-चलन चुकीचे असेल तर कोर्टात सांगता येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज आला की बरेच जण घाबरून लगेच पैसे भरतात आणि विषय संपवतात. गुन्हा खरोखर घडला असेल तर तेच योग्य. पण नंबर चुकीचा वाचला गेल्यामुळे किंवा आपला नंबर दुसऱ्याच गाडीवर लावलेला असल्यामुळे चलन आले, तरीही पैसे भरले जातात, हे खटकते. पैसे भरले की प्रकरण मिटते आणि नंतर 'ती गाडी माझी नव्हती' म्हणायला जागा उरत नाही.

सर्वप्रथम मेसेजमधली लिंक उघडू नये. बनावट चलनाच्या मेसेजमधून मोबाईलमध्ये घातक अॅप घालणारे पुष्कळ आहेत. परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकावा आणि तिथला फोटो मोठा करून बघावा. नंबरपट्टीवरचे ३ आणि ८, बी आणि ८ यांची गल्लत फार होते. गाडीचा रंग, मॉडेल, हँडल, आरसे, कॅरिअर जुळतात का ते पाहावे. मग दिनांक, वेळ, ठिकाण आणि कलम. नोटीस कन्नडमध्ये असली म्हणून बिचकू नये. वाहन, दिनांक, समय, स्थळ, दंड हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत. शेजारच्या कुणी वाचून दाखवली तरी अर्धी उलगडते.

कॅमेऱ्याच्या चलनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७ ए हा नियम लागू होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तो आला. त्यानुसार गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते. गुन्हा आणि नंबरपट्टी दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो, वेगाचा गुन्हा असल्यास यंत्राने मोजलेला आकडा, दिनांक-वेळ-स्थळ, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हे सगळे चलनासोबत हवे. यंत्राला मान्यता-प्रमाणपत्र लागते, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि कॅमेरा असलेल्या टप्प्यावर तशी सूचना देणारा फलक लागतो. यातले काय नाही, हे नेमके दाखवता आले तरच हरकतीत दम येतो. नुसते 'अन्याय झाला' म्हणून चालत नाही.

हरकत आधी वाहतूक पोलीस ठाण्यात लेखी द्यावी. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. सोबत आरसी, विमा, चलनाच्या फोटोची छापील प्रत आणि आपल्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडावेत. चारचाकी त्या वेळी कोगनोळी किंवा हत्तरगीच्या टोलनाक्यावरून गेली असेल तर फास्टॅगचा उतारा फार उपयोगी पडतो, पण मोबाईलच्या स्क्रीनशॉटवर भागवू नये. बँकेकडून शिक्क्यानिशी घ्यावा. अर्ज मराठीत दिला तरी चालतो. गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे.

पोलिसांनी ऐकले नाही आणि प्रकरण व्हर्च्युअल (ऑनलाइन चालणाऱ्या) कोर्टात गेले, तर तिथे दंड भरणे आणि खटला लढवणे असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या कोर्टात येते. चलन कोल्हापूरचे असेल तर कोर्टही तिकडचेच. समन्सवर मुभा दिलेली असल्यास, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे वकिलामार्फत हजर राहता येते. पहिल्या तारखेला आरोप सांगून 'कबूल आहे का' एवढेच विचारतात. तिथे गडबडून 'हो' म्हटले की दंड होऊन काम संपते. 'कबूल नाही' म्हटल्यावर पुराव्यासाठी पुढची तारीख पडते आणि मग पोलिसांना फोटो, प्रमाणपत्र हजर करावे लागते. साक्ष आपल्याला न कळणाऱ्या भाषेत झाली तर ती समजावून मागता येते.

जुन्या चलनांबाबत एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची तक्रार सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावी लागते, नाहीतर कोर्टाला दखल घेता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). सिग्नल तोडण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली कैदेचीही तरतूद असल्याने तिथे मुदत एक वर्षाची. झालेला उशीर कोर्ट माफ करू शकते, पण त्याला कारण लागते. म्हणून चलन कोर्टात कधी दाखल झाले ती तारीख वकिलाला आवर्जून काढायला सांगावी.

गाडी विकून आरसीवर नाव तसेच ठेवणाऱ्यांची बाजू मात्र कोर्टात लंगडी पडते. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० वेळेवर भरलेले नसतील तर कागदोपत्री मालक तुम्हीच. गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर पोलिसांनी विचारल्यावर त्याचे नाव-पत्ता देणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ ने बंधनकारक आहे. आरसीला जुना मोबाईल नंबर जोडलेला असेल तर मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही आणि कळते ते थेट समन्सवरून.

लोकअदालतीत तडजोड होते, 'मी निर्दोष' हा निवाडा तिथे मिळत नाही. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त होईल, हेही आधीच धरून चालावे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळू शकतो.

प्रशासनाकडे एवढेच मागणे आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राचे धोरण कित्येक वर्षांपासून आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत चलनाची नोटीस कन्नडसोबत मराठीतही छापावी, आणि हरकत कुठे, किती दिवसांत करायची ते त्याच कागदावर ठळक लिहावे.

आपला,
मोटार वाहन प्रकरणांचे काम पाहणारा एक वकील, बेळगाव