आधी पूर्वेतिहास, मग पत्ता

परदेशी जोडीदार मिळवून देणाऱ्या संस्थांनी आचारसंहिता ठरवून स्वेच्छेने प्रमाणपत्र घ्यावे, असे सुचवणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. हेतू चांगला आहे, पण एवढ्याने भागणार नाही. या व्यवसायात पैसे मोजतो तो बहुधा पुरुष. त्यामुळे स्त्रीची सारी माहिती त्याच्यापुढे मांडली जाते आणि त्याच्याविषयी तिला तो सांगेल तेवढेच कळते.

किर्गिझस्तानातून लग्न करून अमेरिकेत गेलेल्या एका तरुणीचा २००० मध्ये वॉशिंग्टन राज्यात खून झाला. दोषी ठरलेल्या पतीविरुद्ध त्याच्या पहिल्या पत्नीने (तीही परदेशातूनच आलेली) न्यायालयाकडून संरक्षण मिळवले होते. अशा प्रकरणांनंतर अमेरिकेने २००५ चा कायदा केला. त्यानुसार संस्थेने ग्राहकाचे नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदींत तपासायचे, त्याची आधीची लग्ने आणि गुन्ह्यांची माहिती स्त्रीला तिच्या भाषेत द्यायची आणि तिच्या लेखी संमतीशिवाय तिचा पत्ता वा फोन त्याला द्यायचा नाही.

प्रामाणिक संस्था प्रमाणपत्र घेतीलही, पण ज्यांच्यापासून धोका आहे त्या कशाला घेतील? आपल्याकडे केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांचा भर विवाहविषयक संकेतस्थळांनी वापरकर्त्याची ओळख पडताळण्यावर आहे. परदेशस्थ वराच्या बाबतीत त्याचा पूर्वेतिहास मुलीच्या हाती आधी पडेल, अशी सक्ती कायद्यानेच करावी.

– एक वाचक, ठाणे