मोबाईलवरच्या आकड्यात बेन्झिन नसतं

बॅटन रूज, लुईझियाना

ती. बाबा आणि आईस सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की मी इथे प्रदूषणाचे नकाशे काढायला शिकतेय, पण नकाशे काढून हवा कशी काय सुधारणार, आणि मागून आई म्हणत होती की डोंबिवलीत मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती चांगली-वाईट त्याचा आकडा, हिरवा दाखवतोय तरी रात्री खिडक्या लावूनच झोपावं लागतं. नेट सारखं तुटत होतं त्यामुळे धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहूनच काढते. लांबलं तर दोन बैठकीत वाचा.

आधी आईचं. आई, तू म्हणतेस ते बरोबर आहे आणि मोबाईलही खोटं बोलत नाहीये. आपल्याकडचा एक्यूआय आठ गोष्टींवरून काढतात, बारीक धूळ दोन प्रकारची, मग नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. एमआयडीसीतून रात्री जे येतं, सॉल्व्हंटचा वास म्हणा, बेन्झिन नावाचं कॅन्सर करणारं रसायन म्हणा, ते या आठात नाहीच. 2009 च्या राष्ट्रीय मानकांमध्ये बेन्झिनला वर्षाच्या सरासरीची मर्यादा आहे, एका घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम, पण मोबाईलवरच्या त्या रंगात ते येत नाही. म्हणून पावसानंतर धूळ बसली की आकडा हिरवा आणि नाकाला मात्र झोंबतंय, असं होऊ शकतं.

आता माझ्या कामाचं. इथे अमेरिकेत कारखान्यातून विषारी रसायन किती बाहेर गेलं ते कंपनीने दरवर्षी सरकारला कळवायचं असतं, रसायनाच्या नावानिशी, आणि ती यादी कुणालाही फुकट उतरवून घेता येते. टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी म्हणतात तिला. दहा किंवा जास्त कामगार आणि ठरावीक प्रमाणाच्या वर रसायन वापरणारे कारखाने त्यात येतात, देशभरात वीस हजारांच्या वर आहेत. आणि बाबा, ही यादी आली कशामुळे माहितीये? भोपाळमुळे. डिसेंबर 1984 ला भोपाळ झालं, मग ऑगस्ट 1985 मध्ये त्याच कंपनीच्या, युनियन कार्बाइडच्या, इथल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कारखान्यात गळती झाली आणि शंभराहून जास्त लोकांवर उपचार करावे लागले, तेव्हा इथल्या लोकांना कळलं की हे आपल्याही दारात आहे, आणि 1986 मध्ये कायदा झाला, की शेजारी काय साठवलंय आणि काय हवेत सोडलंय हे जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे. माणसं आपली गेली आणि यादी यांना मिळाली. कारखान्यागणिक रसायनाचं नाव आणि वजन सांगणारी अशी उघडी यादी आपल्याकडे अजून नाही. मला हे फार लागतं, खरंच.

ही यादी घेऊन आम्ही नकाशावर बसतो. क्यूजीआयएस नावाचं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, दादाच्या जुन्या लॅपटॉपवरही चालेल. त्यात एकावर एक थर ठेवता येतात, एका थरावर कारखाने, दुसऱ्यावर जनगणनेची वस्ती, तिसऱ्यावर शाळा, मग वारा. पहिल्यांदा सगळे जण काय करतात तर कारखान्याभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ मारतात आणि आतली घरं मोजतात. सोपं आहे पण चुकीचं आहे, कारण वारा वर्तुळात वाहत नाही, तो बहुतेक एकाच अंगाला ओढून नेतो, आणि उंच धुराड्यातला वायू कधी जवळच्या घरांच्या डोक्यावरून जाऊन लांब खाली उतरतो, तर पंपातून आणि व्हॉल्व्हमधून गळणारा वायू जमिनीलगत शेजाऱ्यांच्याच नाकात जातो. म्हणून धुराड्याची उंची, वायूचं तापमान, वर्षभराचा वारा हे सगळं घालून हिशोब करणारी मॉडेल्स वापरतात. इथल्या पर्यावरण खात्याचं एक मॉडेल तर आख्खा देश 810 मीटरच्या चौकोनांमध्ये कापून प्रत्येक चौकोनात किती विष पोचतं त्याचा अंदाज देतं, आणि वजनाबरोबर विषारीपणाही धरतं, कारण एखाद्या रसायनाचं किलोभर दुसऱ्याच्या टनाहून वाईट असू शकतं.

पण यात फसायच्या जागा फार आहेत. तुम्ही मोजणीची तीनच केंद्रं द्या, सॉफ्टवेअर मधली सगळी जागा छान रंगवून देतं, ते कधीच म्हणत नाही की बाई मला इथलं माहीत नाही. काही वेळा यादीत कारखान्याऐवजी शहरातल्या ऑफिसचा पत्ता असतो आणि सगळं विष एखाद्या बाजारपेठेत सांडल्यासारखं दिसतं. रंगांचे टप्पे कुठे पाडले त्यावर तोच आकडा भयंकर दिसू शकतो किंवा अगदी साधा. आणि मुळात यादीतले बरेच आकडे कंपनीने स्वतःच अंदाजाने काढलेले असतात, प्रत्येक धुराड्यावर कोणी मीटर लावून बसलेलं नसतं. म्हणून मी ज्या गाईडकडे शिकते त्यांचं एकच सांगणं असतं, नकाशा झाला की त्या जागी जाऊन उभं राहा.

इथे बॅटन रूजपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत मिसिसिपीच्या काठाने साधारण 85 मैलांचा पट्टा आहे, दीडशेच्या वर रिफायनऱ्या आणि केमिकल प्लँट, लोक त्याला कॅन्सर ॲली, म्हणजे कॅन्सरची गल्ली, म्हणतात. पूर्वी इथे उसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यात गुलाम राबत होते, पुढे गुलामी संपल्यावर त्यांच्याच वंशजांची गावं मळ्यांच्या कडेला वसली, आणि विसाव्या शतकात कंपन्यांना नदीकाठचे सलग मोठे प्लॉट हवे होते ते त्या मळ्यांचेच मिळाले. त्यामुळे जुना मळ्यांचा नकाशा आणि आजचा कारखान्यांचा नकाशा एकावर एक ठेवला की कारखाने कुणाच्या शेजारी आलेत हे सांगावं लागत नाही.

त्यात रिझर्व्ह नावाचं गाव आहे, सेंट जॉन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे इथला जिल्हा). तिथे 1969 पासून निओप्रीन, म्हणजे डायव्हिंग सूटचं रबर बनायचं, कारखाना आधी ड्यूपाँट कंपनीचा होता, 2015 ला डेन्का नावाच्या कंपनीने घेतला. त्या रबराला क्लोरोप्रीन नावाचं रसायन लागतं. 2010 मध्ये पर्यावरण खात्याने म्हटलं की क्लोरोप्रीनमुळे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता आहे, आणि डिसेंबर 2015 मध्ये जेव्हा देशभराचा विषारी हवेचा नकाशा आला तेव्हा हवेतून कॅन्सरचा धोका देशात सगळ्यात जास्त कुठे तर याच कारखान्याच्या शेजारी. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं लोक तिथे राहत होते, घरटी आजार मोजत होते, आणि सरकारी कागदावर ते पहिल्यांदा तेव्हा उमटलं. नकाशामुळे एक झालं, 2016 ला तिथे खरी मोजणी सुरू झाली, कारखान्याजवळच्या प्राथमिक शाळेपाशीसुद्धा. खात्याने क्लोरोप्रीनसाठी एका घनमीटरला 0.2 मायक्रोग्रॅमची पातळी धरली होती, कंपनीने यंत्रणा बसवून बरंच कमी केलं तरी सरासरी त्याच्या वरच राहिली. 2023 मध्ये केंद्र सरकारने कोर्टात केस केली, 2025 मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने तोट्याचं कारण देऊन उत्पादन थांबवलं. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या बायका-माणसांच्या हातात आकडे होते म्हणून त्यांना कोणी वेडं म्हणू शकलं नाही.

नकाशाची भीती किती असते तेही बघा. लोक स्वस्तातली यंत्रं घेऊन स्वतः हवा मोजायला लागले, तर 2024 मध्ये या राज्याने कायदाच केला की मान्यताप्राप्त महागड्या पद्धतीने मोजलं नसेल तर ते आकडे दाखवून कारखान्यावर नियमभंगाचा आरोप करायचा नाही, आणि मोडलात तर जबर दंड. शेजारच्या सेंट जेम्समध्ये शॅरन लव्हीन नावाच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी गावकऱ्यांना घेऊन एक मोठा प्लास्टिक प्रकल्प 2019 ला परतवला, 2021 ला त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. आई, त्यांचं वाचलं की मला आपल्या बिल्डिंगमधल्या तुमच्या मंडळाच्या बायकाच आठवतात.

आता आपलं, डोंबिवलीचं. 2014 चा हिरवा पाऊस, 2020 चा गुलाबी रस्ता, मे 2016 आणि पुन्हा मे 2024 चा स्फोट, दरवेळी फोटो येतात, मंत्री येतात आणि महिन्याभरात सगळं थंड. रोजच्या वासाचा मात्र कुठेच कागद नाही. तर माझी विनंती आहे, एक वही करा. वास आला की तारीख, वेळ, कुठल्या बाजूने वारा आहे (गच्चीवरचे कपडे कुठे उडतात ते बघितलं तरी पुरे), कसला वास, डोळे झोंबले का, खोकला आला का. वासाचं नाव माहीत नसेल तर सडक्या कोबीसारखा, नेलपॉलिशसारखा असं लिहा. थंडीत रात्री जास्त जाणवेल, कारण जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही आणि सगळं खालीच कोंडून राहतं. चार-पाच इमारतींनी अशा वह्या ठेवल्या की मी इथून त्या नकाशावर टाकते आणि वाऱ्याबरोबर जुळवून बघते, मग निदान सांगता येईल की वास एमआयडीसीच्या कुठल्या भागातून येतोय. आणि दादाला सांगा, प्रदूषण मंडळाची कारखान्यांना दिलेली संमतीपत्रं बघायची, त्यात काय बनवायची परवानगी आहे आणि धुराडी किती ते असतं. नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाकायचा, मसुदा मी पाठवते.

पैसे दहा तारखेला पाठवलेत. बाबा, इन्हेलर संपायच्या आधी आणा, संपल्यावर नको. आणि वही आजपासूनच, दिवाळीनंतर नाही.

तुमची,
धाकटी