शेक घ्या, पण असा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

शेकाने सांध्यांची झीज भरून येत नाही. ऊब त्वचेखाली फार तर एक-दोन सेंटीमीटर पोचते. तिथलं रक्त खेळतं होतं, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि थोडा वेळ दुखणं कमी होतं. खुब्याचा सांधा तर इतका खोल असतो की वरून दिलेला शेक तिथवर जातच नाही, भोवतीच्या स्नायूंना तेवढं बरं वाटतं. तेव्हा हा जो थोडा वेळ मिळतो, तो वापरायचा. आई, तू दिवसभर राबून रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी होतेस. त्यापेक्षा सकाळी उठल्यावर गुडघे धरलेले असतात तेव्हा शेक घे आणि लगेच व्यायाम कर. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून मनात पाच आकडे मोजायचे, मग सोडायचं. प्रत्येक पायाला दहा वेळा.

आता पिशवी. उकळतं पाणी थेट ओतायचं नाही. दोन लिटरच्या पिशवीत आधी नळाचं पाऊण लिटरभर पाणी घाला, मग उकळलेलं अर्धा लिटर. पाणी साधारण ५५ अंशांवर येतं आणि पिशवी दोन-तृतीयांश भरते. वरची हवा दाबून काढा, मगच बूच लावा, नाहीतर पिशवी फुगून सांध्यावर नीट बसत नाही. ओला करून घट्ट पिळलेला पंचा गुडघ्यावर, त्यावर सुका टॉवेल दुहेरी घडी करून, त्यावर पिशवी. ओलसर शेक कोरड्यापेक्षा लवकर लागतो. वेळ १५ ते २० मिनिटं, घड्याळ लावून. दहाव्या मिनिटाला उचलून कातडी बघ: फिकट गुलाबी असली तर ठीक. मध्ये पांढुरके डाग आणि भोवती लाल दिसलं तर ताबडतोब थांब. रोज एकाच जागी शेकून तपकिरी जाळीसारखे डाग उमटू लागले, तर ती जागा काही आठवडे सोडून द्यायची.

पिशवी अंगावर ठेवायची, अंगाखाली नाही. खाली दबलेल्या जागी रक्त कमी फिरतं, त्यामुळे उष्णता वाहून न जाता तिथेच साठते. आणि शेक घेता घेता झोपायचं नाही. ४४ अंश म्हणजे हाताला नुसतं छान गरम लागतं, पण तेवढ्यावर सहा तास कातडी राहिली तरी भाजते. विजेच्या पॅडने होणाऱ्या पुष्कळ जखमा अशाच, डोळा लागल्यावरच्या.

बाबा, हे तुमच्यासाठी. पावलांना शेक नको, कोमटही नको. साखरेमुळे पायाची जाणीव कमी झाली की चटका कळत नाही, फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि ती जखम भरायला महिने लागतात. चरकसंहितेतही ज्यांना स्वेदन, म्हणजे शेक देऊन घाम आणणं, देऊ नये त्यांच्या यादीत मधुमेही आहेत, त्यामुळे हे इंग्रजी डॉक्टरांचं खूळ आहे असं म्हणायला जागा नाही! खांद्याला शेक चालेल, पण आधी तिथे गरम-गार ओळखता येतं का ते आईकडून तपासून घ्या आणि पिशवीचा अंदाज तिने आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घ्यावा. बाम लावला असेल तर साबणाने धुऊन, पुसून मगच शेक. बाम आणि उष्णता एकत्र आली की कातडी सोलून निघते.

भाणातल्या, म्हणजे न्हाणीतल्या हंड्यातल्या, कढत पाण्याने आंघोळ केल्यावर लगेच उभे राहू नका. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यात रक्तदाबाची गोळी, आणि न्हाणीची फरशी पावसात कायम ओली. न्हाणीत स्टूल ठेवा, दोन मिनिटं बसा, मग उठा.

आगरवाड्याच्या खड्या मिठाची पुरचुंडी वाईट नाही. फक्त पावसाळ्यात मीठ पाणी धरतं, ते तव्यावर तडतडून उडतं. आधी मंद आचेवर कोरडं होऊ दे. सुती कापडाच्या दोन पदरांत बांध आणि मनगटावर टेकवून बघितल्याशिवाय लावू नकोस. पुरचुंडी फिरती ठेवायची, एका जागी दाबून धरायची नाही. निगडीची (निर्गुंडीची) पानं घालायची असतील तर घाल, वास छान येतो.

शेक कधीच नको ते असं. गुडघा सुजलाय आणि हाताच्या पाठीला दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागतोय, तर गार पाण्याची पट्टी, दहा मिनिटं. पडलात, मुरगळलं, तर पहिले दोन-तीन दिवस गारच. रातोरात पायाचा अंगठा लाल होऊन ठणकायला लागला तरीही गारच, आणि डॉक्टरांना दाखवा. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शेक नाही, चोळणंही नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आई, बोटांसाठी पातेल्यात हाताला सोसेल एवढं गरम पाणी घे आणि त्यात मूठ उघड-मीट कर, पंधरा मिनिटं. चवथीच्या नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) आधी हे जरूर कर, मुरड घालताना बोटं इतकी दुखणार नाहीत. मेणाचा शेक चांगला, पण तो फिजिओथेरपिस्टकडेच. तिथल्या मेणात तेल घालून ते कमी उष्णतेला वितळेल असं केलेलं असतं. मेणबत्त्या वितळवून घरी करायला जाऊ नकोस, ते मेण जास्त तापतं आणि हाताला चिकटून भाजतं.

आणि कपाटातली जुनी पिशवी टाकून द्या. रबर दुमडल्यावर बारीक भेगा दिसतात, ती गळायच्या बेतात आहे. बाबा, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाल तेव्हा औषधाच्या दुकानातून नवी आणा, कापडी खोळ असलेली.

तुमची,
लेक