आधी पान उलटं करून बघ

तासगाव, 8 जुलै

प्रिय शैलू,

तुझं पत्र काल दुपारी आलं. जास्वंदीच्या शेंड्यांना कापूस चिकटल्यासारखं दिसतंय म्हणतेस, तो पिठ्या ढेकूण. मिरचीची पानं वळलीत, दोडक्याच्या पानांवर पांढरी भुकटी आहे, आणि तुला या सगळ्यावर घरचं एकच औषध हवंय. तसं एक औषध नाही गं. म्हणून आधी चष्मा लाव, पान उलटं कर आणि तिथे कोण बसलंय ते बघ.

मिरचीचंच घे. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे, रस शोषणारे बारीक किडे. खाली वळल्या असतील तर कोळी, जाळं विणणारा मोठा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक. आणि झाडच खुरटून शेंड्याला बारीक पानांचा झुबका झाला असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला घरचं काय, दुकानातलंही औषध नाही. जीव तुटला तरी ते झाड उपटून पिशवीत बांधून टाक, नाहीतर शेजारच्या टोमॅटोवर जाईल.

जास्वंदीला फवारा नंतर. आधी जुन्या टूथब्रशने पिठ्या खरवडून काढ, पाण्याची जोरदार धार मार, फार भरलेले शेंडे छाटून टाक. खोडावर मुंग्या चढताहेत का बघ. पिठ्याच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला जपतात, त्याला खायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. कुंडी विटांवर ठेव आणि त्या विटा पाण्याच्या परातीत. पाणी मात्र रोज बदल, डास होतील.

मग साबणाचं पाणी. ते किड्याच्या अंगाला लागलं तरच काम करतं, पानावर वाळलं की संपलं. म्हणून पानांच्या खालून, बेचक्यांतून भिजव. मी रिठे रात्रभर भिजवून उकळते आणि ते पाणी पातळ करून वापरते. कपड्यांची पावडर अजिबात नको. सासूबाईंच्या गुलाबांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला तेव्हा मी भर दुपारी तीच पावडर फवारली होती. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, कळ्या गळल्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण बरेच दिवस त्या वाफ्याकडे बघायच्या ते मला अजून आठवतं. आता काहीही नवीन असलं की आधी दोन पानांवर मारून दिवसभर थांबते.

निंबोळी अर्कावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. शेतावर 100 लिटरला 5 किलो घेतात, तुला लिटरला 50 ग्रॅम पुरे. निंबोळ्या जाडसर कुटून रात्रभर भिजव, दुधाळ पाणी मलमलच्या फडक्याने गाळ, थोडं रिठ्याचं पाणी घाल म्हणजे पानाला धरतं. त्याच दिवशी संपव. फवारायचं संध्याकाळी, पाऊस नसताना. उन्हाने त्यातलं ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर चालणारं द्रव्य, लवकर निकामी होतं, आणि तोवर मधमाश्याही घरी गेलेल्या असतात. किडे पटापट मरतील ही अपेक्षा ठेवू नकोस. त्यांचं खाणं तुटतं, कात नीट टाकता येत नाही, पुढची पिढी घटते. आठवड्याने पुन्हा मार, असं तीनदा.

याच कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर 1994 साली युरोपात पेटंट दिलं गेलं होतं, माहीत आहे? 2000 साली ते रद्द झालं, 2005 साली अपीलही फेटाळलं. त्या वादात 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि आपल्या सांगली जिल्ह्यात झालेल्या कडुनिंबाच्या चाचण्यांचा दाखला होता, म्हणजे हा उपयोग इथे आधीच माहीत होता. वाचलं तेव्हा परसातल्या झाडाखाली जाऊन उभी राहिले होते मी.

दोडक्यावरची ती पांढरी भुकटी म्हणजे भुरी, बुरशीचा रोग. आमच्याकडचे द्राक्षवाले तिच्या नावानेच धास्तावतात. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदा. ब्राझीलमध्ये झुकिनीवर, म्हणजे भोपळ्याच्याच जातीच्या भाजीवर, याचा प्रयोग झाला, तो 1999 साली छापून आला. सुरुवातीलाच गाठलं तर उपयोग होतो. पानभर पसरली असेल तर ती पानं काढून टाक.

दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पानांचा अर्क, फ्लॅटमध्ये करू नकोस, महिनाभर आंबवायची असते, वास सोसणार नाही. आणि तंबाखूचा काढा कुणीही सांगितला तरी नको. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं, तुझ्याकडे नातू रांगतोय. शिवाय तंबाखूतून टोमॅटोला मोझॅकचा रोग लागू शकतो. घरचं म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं शैलू.

शेजारचा मुलगा रविवारी ठाण्याला येतोय. त्याच्याबरोबर यंदाच्या, सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या पाठवतेय, अर्धा किलो. प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस, बुरशी धरेल. आल्याबरोबर कापडी पिशवीत काढ आणि कोरड्या जागी टांगून ठेव.

तुझी,
मंगल