गोळी देताना बाईच्या इच्छेचीही विचारपूस व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ११ जुलैच्या जागतिक लोकसंख्या दिनाच्या निमित्ताने आरोग्य केंद्रांमध्ये कुटुंब नियोजनाचा पंधरवडा होतो, साधनांची माहिती दिली जाते, किती जणींना तांबी बसवली आणि किती शस्त्रक्रिया झाल्या याचे आकडे वर पाठवले जातात. ग्रामीण भागात आरोग्यसेविका म्हणून काम करताना असे अनेक पंधरवडे मी राबवले आहेत. त्या सगळ्या काळात एक प्रश्न आम्ही बायकांना कधी विचारला नाही, आणि त्यांनी विचारला तेव्हा नीट ऐकून घेतला नाही. गर्भनिरोधक सुरू केल्यापासून नवऱ्याजवळ जाण्याची इच्छा कमी झाली आहे का, हा तो प्रश्न.

उपकेंद्रावर माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचे पाचवे पाकीट न्यायला आलेली एक तरुण मुलगी मला अजून आठवते. सव्वा वर्षाचे मूल मांडीवर, रिकामे पाकीट रुमालात गुंडाळलेले, आणि बाकीच्या बायका उठून जाईपर्यंत ती बाकावरून हलली नाही. मग खाली मान घालून म्हणाली, "सिस्टर, या गोळ्यांनी मन मरतं का हो? घरात रोजची भांडणं व्हायला लागलीत." मी रजिस्टरमधून डोके वर न काढता सांगितले, "तसं काही नसतं. रोज रात्री न चुकता घ्यायच्या." तिने त्याच महिन्यात गोळ्या सोडल्या, दुसरे काही वापरले नाही, आणि पुढच्या वेळी ती माझ्याकडे आली ती दिवस गेले म्हणून. तिला इतक्यात दुसरे मूल नको होते.

तिला मी काय सांगायला हवे होते, ते आज लिहिते. माला-एनसारख्या संमिश्र गोळीतल्या, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या, दोन संप्रेरकांमुळे बीजांडकोशाचे काम थांबलेले असते, त्यामुळे तिथे थोड्या प्रमाणात तयार होणारे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्याचा इच्छेशी संबंध जोडला जातो ते संप्रेरकही, कमी होते. शिवाय गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत असे एक प्रथिन जास्त बनवू लागते, जे रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवते. तरीही गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांना इच्छेत फरक जाणवत नाही, काहींची इच्छा दिवस जाण्याची धास्ती संपल्यामुळे उलट वाढते, आणि काहींची खरोखर कमी होते. रक्तातले प्रमाण आणि मनातली ओढ यांचा सरळ हिशेब लागत नाही. म्हणून गोळीने मन मरतेच असे म्हणणे जितके चूक, तितकेच माझे "तसं काही नसतं" हेही चूक होते.

अर्थात दोष प्रत्येक वेळी गोळीचाच असतो असेही नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला कोरडेपणा येतो आणि संबंध दुखरे होतात. रक्त कमी असणे, थायरॉइडचा विकार, बाळंतपणानंतरची उदासी, त्यासाठी दिलेली औषधे, अपुरी झोप, एकाच खोलीत सासू-सासऱ्यांसह सगळे कुटुंब, ही कारणेही तितकीच खरी आहेत. पण ती शोधायची तर आधी विचारावे लागते. इच्छा गोळीआधीच कमी होती की गोळीनंतर झाली, एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडा होतो.

आणि गोळी मानवत नसेल तर पर्याय आहेत, तेही सरकारी केंद्रात मोफत. तांबीमध्ये संप्रेरक नसते. तिचा एक प्रकार पाच वर्षे चालतो, दुसरा दहा. मात्र सुरुवातीचे काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकते, पोटात दुखू शकते, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे सांगितलेच पाहिजे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. तिच्यात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नसते, पाळी मात्र लांबू शकते. निरोध आहेच, फक्त त्यासोबत खोबरेल तेल लावू नये, कारण तेलाने रबर फाटते, ही साधी गोष्टसुद्धा आम्ही संकोचाने सांगत नाही. 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनबाबत तर आधीच बोलणे अधिक गरजेचे आहे. गोळी नाही मानवली तर थांबवता येते. एकदा दिलेले इंजेक्शन तीन महिने काढून घेता येत नाही, आणि इच्छा कमी झाल्याची तक्रार त्यातही काही जणी करतात. साधन बदलायचे ठरले तर दुसरे सुरू होईपर्यंत मध्ये एक दिवसही मोकळा सोडू नये, हे वाक्य त्या मुलीला मी सांगितले असते, तर तिचे पुढचे वर्ष वेगळे गेले असते.

पुरुषांच्या बाबतीत आम्ही असे वागत नाही, याचे मला फार वाईट वाटते. नसबंदीने पुरुषत्व जाते, ही भीती खोटी आहे. त्या शस्त्रक्रियेत फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद होते, वृषणातले संप्रेरक पूर्वीसारखेच रक्तात मिसळत राहते. ती भीती घालवण्यासाठी भिंती रंगवल्या जातात, सभा होतात, आणि व्हायलाच हव्यात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के निघाले. म्हणजे पुरुषाच्या नुसत्या शंकेला एवढा मान, आणि बाई प्रत्यक्ष अनुभव सांगते तर तिला गप्प बसवायचे. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ मध्ये, आणि स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे हे ते आयुष्यभर लिहीत राहिले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही त्यांच्याच महाराष्ट्रात हा विषय बाईने खालच्या मानेने काढावा लागतो.

माझी आरोग्य खात्याला विनंती एवढीच आहे, की साधन देताना रक्तदाब, पाळीची तारीख आणि अर्धशिशी विचारतो त्याच ओळीत इच्छेबद्दलही विचारावे, आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीत तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर कार्डावर नोंदवावे. आशाताईंच्या प्रशिक्षणात हा प्रश्न साध्या मराठीत कसा विचारायचा, याचा सराव असावा. आणि उपकेंद्रात दुसऱ्या खोलीची सोय नसेल, तर निदान एक पडदा लावावा, म्हणजे बाकीच्या बायका उठून जाईपर्यंत कोणाला बाकावर बसून राहावे लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा